आईच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर मी सही केली, पण आजार काय आहे हे आईलाच माहीत नाही. हे कायद्याने आणि नीतीने योग्य आहे का?

मनीषनगरकर

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची आहे. काटोल तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तिने ३१ वर्षे शिकवले. वडील गेल्यापासून ती काटोलच्या घरी एकटीच राहते आणि पेन्शन, बँक, संत्र्याच्या बागेचा सौदा, सगळे व्यवहार स्वतःच पाहते. दोन महिन्यांपूर्वी तिला डाव्या स्तनात गाठ जाणवली. मी तिला नागपूरला माझ्याकडे आणले. मॅमोग्राफी झाली, नंतर सुईने तुकडा घेऊन बायोप्सी झाली, आणि अहवालात कर्करोग निघाला. अहवाल आणायला मी एकटाच गेलो होतो. पुण्याच्या मोठ्या भावाने फोनवरच बजावले, की आईला यातले काही सांगायचे नाही, ती खचून जाईल. वहिनींचे आणि मावशीचेही तेच म्हणणे पडले. तेव्हापासून आम्ही घरात ‘साधी गाठ आहे, काढून टाकली की मोकळे’ असेच बोलत आहोत.

मागच्या शुक्रवारी एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरली. तपासण्या चालू असताना एक कर्मचारी फाइल घेऊन आल्या. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलेही नाही. ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ असे विचारून त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. संमतीपत्र इंग्रजीत छापलेले होते. शस्त्रक्रियेच्या नावाची ओळ कोरी होती, डॉक्टरांच्या नावाची ओळ कोरी होती, आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलने तीन फुल्या मारलेल्या होत्या. मी तिन्ही ठिकाणी सही केली. तोवर आईने सवयीने पर्समधून चष्म्याची डबी काढली होती, चष्मा लावला होता आणि पेनाचे टोपणही उघडले होते. कागद आता आपल्याकडे येईल, असे तिला वाटले. तो आला नाही. तिने टोपण पुन्हा लावले आणि पेन पर्समध्ये ठेवून दिले.

त्या रात्री तिने मला विचारले, ‘बाळा, काय लपवून राहिला तू? ऑपरेशन माझं आणि सही तुझी कशी?’ मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. तेव्हापासून मला झोप नाही.

शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. माझ्या सहीला कायद्याने काही अर्थ आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. रुग्णाला आजार न सांगता शस्त्रक्रिया करणे वैद्यकीय नीतीत बसते का, हेही कोणी सांगावे. भावाला मी वाईट म्हणू शकत नाही, कारण तो आईच्या काळजीनेच बोलत आहे. पण उद्या आईने मला जाब विचारला, तर माझ्यापाशी उत्तर नाही.

सिव्हिललाइन्स_वकील

आपण प्रश्न वेळेत विचारला आहे, म्हणून आधी कायद्याची बाजू स्पष्ट करतो. सज्ञान आणि समजशक्ती शाबूत असलेल्या व्यक्तीवरील उपचारांची संमती ती व्यक्तीच देऊ शकते. मुलगा, मुलगी, पती, भाऊ यांपैकी कोणालाही केवळ नात्यामुळे तो अधिकार मिळत नाही. आपल्या आई शुद्धीवर आहेत, शिकलेल्या आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यामुळे आपल्या सहीने त्यांची संमती मिळाली असे कायदा मानत नाही. फार तर कुटुंबाला कल्पना होती, एवढेच त्या सहीने दिसते.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य निकाल म्हणजे समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, जानेवारी २००८. दिल्लीतील ४४ वर्षांच्या एका महिलेने दुर्बिणीने पोटाची तपासणी करून घेण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान आहे, तिच्या जिवावर बेतलेले नव्हते, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, म्हणून आईने दिलेली संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता आणि उपचारही कदाचित योग्य असतील, हे लक्षात घेऊनही निकाल रुग्णाच्या बाजूने लागला. भरपाई अवघी २५,००० रुपये होती आणि डॉक्टरांना शुल्क नाकारण्यात आले. रक्कम लहान असली, तरी त्या निकालातून निघालेले नियम आज प्रत्येक शस्त्रक्रियेला लागू आहेत.

उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याचे फायदे, दुसरे पर्याय असल्यास ते, ठळक धोके, आणि उपचार नाकारल्यास काय होऊ शकते, एवढे रुग्णाला सांगितलेच पाहिजे, असे त्या निकालात आहे. लाखात एखाद्याला होणारा धोका मोजून दाखवावा, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवलेली नाही. रुग्णाला समतोल विचार करून निर्णय घेता येईल इतकी माहिती पुरे. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही, हेही तिथे सांगितले आहे. आपल्या बाबतीत तर शस्त्रक्रियेच्या नावाची ओळच कोरी होती. कोऱ्या ओळीला कोणाचीही संमती असू शकत नाही, आपलीसुद्धा नाही.

अपवाद आहे, पण तो अरुंद आहे. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहायची नसते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ९२, अशा प्रसंगी सद्भावनेने उपचार करणाऱ्याला संरक्षण देते. ठरवून केलेली गुरुवारची शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. त्याच संहितेचे कलम २८ सांगते, की संमती गैरसमजातून दिलेली असेल, आणि समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असेल किंवा तसे मानायला कारण असेल, तर ती संमती नव्हे. उद्या आईंची सही घेतली, पण ‘साधी गाठ’ असे सांगून घेतली, तर तीही याच कारणाने लंगडी ठरेल. हे मुद्दाम लिहितो, कारण अनेक कुटुंबे सही मिळाली की प्रश्न मिटला असे समजतात.

रुग्णालये नातेवाइकांची सही का मागतात, याचे एक कारण नियमांच्या शब्दरचनेतही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचे जे कलम आहे, त्यात पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाचे पालक, किंवा स्वतः रुग्ण, असे सगळे एका ओळीत आले आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून आजही २००२ चेच नियम चालतात. ती ओळ वाचून ‘यांपैकी कोणीही चालेल’ असा सोयीचा अर्थ घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अर्थ टिकत नाही.

आपण रुग्णालयाला एक साधे पत्र द्यावे: माझी सही संमती म्हणून धरू नये, शस्त्रक्रियेची माहिती माझ्या आईला मराठीत समजावून द्यावी आणि संमती त्यांचीच घ्यावी. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. आईंनी स्वतः किंवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास रुग्णाची कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा बायोप्सीच्या अहवालाची प्रतही त्यांच्या हाती असू द्या.

उमरेडचा_मुलगा

वकीलसाहेबांचे कायद्याचे म्हणणे बरोबर असेल, पण मी वेगळा अनुभव सांगतो. माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो उशिरा कळला. आम्ही त्यांना शेवटपर्यंत ‘जुना दमा आहे’ असे सांगितले. शेवटचे पाच महिने ते नातवंडांत रमले, पोळ्याला बैल सजवले, जेवणही बऱ्यापैकी होते. आमच्या शेजारच्या काकांना सगळे सांगण्यात आले होते, ते आठवड्याभरात अंथरुणाला खिळले. माणूस भीतीने अर्धा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या घरात हे घडते, त्यालाच कळते. मनीषनगरकरांच्या भावाला दोष देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शल्यचिकित्सक_निवृत्त

उमरेडच्या मित्राचे दुःख मी समजू शकतो. शस्त्रक्रिया विभागात ३४ वर्षे काढताना ‘डॉक्टर, पेशंटला सांगू नका’ हे वाक्य मी दरवाजाबाहेर किती वेळा ऐकले, याची गणती नाही. सुरुवातीची अनेक वर्षे मी ते मानतही होतो, आणि त्याची मला आज खंत वाटते. त्यांच्या वडिलांच्या वेळी आजार पुढे गेला होता, शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नव्हता. इथे तसे नाही. इथे निर्णय घ्यायचा आहे, आणि तो निर्णय या बाईंशिवाय दुसरे कोणी घेऊ शकत नाही. कसा, ते सांगतो.

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, तर बहुतेक वेळा दोन मार्ग असतात. एक म्हणजे पूर्ण स्तन काढणे. दुसरा म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी कडेचा भाग काढून स्तन वाचवणे, आणि नंतर रेडिएशन घेणे. इटलीत आणि अमेरिकेत रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा करून २००२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच जगले असे दिसले. म्हणजे आयुष्याच्या हिशेबात फरक नाही, फरक आहे तो जगण्याच्या पद्धतीत. स्तन वाचवला, तर बहुधा तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशनला यावे लागते. काटोलहून रोज ये-जा करायची, की नागपुरात मुलाकडे राहायचे? बागेचा सौदा कोण पाहणार? उलट पूर्ण स्तन काढला, तर आरशासमोर उभे राहताना काय वाटेल? काखेतील ग्रंथी काढाव्या लागल्या, तर हाताला सूज येऊ शकते, आणि काही रुग्णांना स्तन काढूनही रेडिएशन घ्यावे लागते, हेही त्यांना कळायला हवे. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मुलगा देऊ शकत नाही, आणि सर्जनने तर देऊच नये. ‘साधी गाठ’ म्हणून भुलीखाली गेलेली बाई एका बाजूने सपाट छाती घेऊन जागी होते, तेव्हा तिला कर्करोग त्या क्षणी कळतोच. मात्र तो कोणाच्या तोंडून कळत नाही, बँडेजवरून कळतो. असे प्रसंग मी पाहिले आहेत आणि ते विसरता येत नाहीत.

वैद्यकीय नीतिशास्त्रात चार तत्त्वे सांगितली जातात: रुग्णाची स्वायत्तता, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय. न सांगण्याचा आग्रह धरणारे कुटुंब हिताच्या नावाने बोलत असते, आणि ते खोटे बोलत नसते. पण हित कशात आहे, हे त्या माणसाला वगळून ठरवले, तर ते आपल्या सोयीचे हित होते. २००२ च्या त्याच आचारनियमांत असेही आहे, की डॉक्टरने आजाराचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. तिथे रुग्णासोबत नातेवाइकांचाही उल्लेख आहे. नातेवाइकांना बाजूला सारा, असे कोणीच म्हणत नाही. त्यांनी रुग्णाच्या शेजारी बसावे. रुग्णाच्या जागी बसू नये.

आता दुसरी बाजू. जाणून घेण्याचा हक्क आहे, तसा न जाणण्याचाही आहे. काही रुग्ण स्वतःच म्हणतात, ‘डॉक्टर, मला तपशील नको, तुम्ही आणि मुलगा बघा.’ ते त्यांचे स्वातंत्र्य आहे आणि ते पाळले पाहिजे, फक्त तसे त्यांनी स्वतः सांगितलेले असावे आणि फाइलमध्ये नोंदलेले असावे. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असे आदळायचे नसते. मी शेवटच्या काही वर्षांत रुग्णाजवळ खुर्ची ओढून आधी विचारत असे, ‘तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल?’ दहांतील सात-आठ जण स्वतःच तो शब्द उच्चारत असत. मग विचारत असे, ‘सगळे सविस्तर सांगू, की ठळक तेवढे?’ आणि जेवढे मागितले तेवढेच सांगत असे. बोलणे एका बैठकीत संपवू नये. शस्त्रक्रियेची तारीख चार-सहा दिवस पुढे गेली, तर या आजारात सहसा बिघडत नाही. आपल्या सर्जनना विचारून तेवढा वेळ घ्यावा.

वॉर्डातली_सिस्टर

मी २६ वर्षे परिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांनी दिवसाचे सांगितले, मी रात्रीचे सांगते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नातेवाईक घरी जातात किंवा वऱ्हांड्यात चटई टाकून झोपतात, आणि मग रुग्ण आम्हाला हळूच विचारतो. गोंदियाच्या एका आजींनी सलाइन लावताना माझे मनगट धरले होते. ‘सिस्टर, उद्या माझं काय कापणार हायेत?’ केसपेपर माझ्या हातात होता, वरच्या ओळीत सगळे लिहिलेले होते, आणि मुलाने सकाळीच बजावले होते, की काही बोलायचे नाही. मी ‘डॉक्टर सांगतील’ म्हटले. त्यांनी मनगट सोडले आणि तोंड भिंतीकडे केले. उमरेडच्या दादांना मला एवढेच विचारायचे आहे, की आपल्या वडिलांनी रात्री कोणाला काही विचारले होते का, हे आपल्याला ठाऊक आहे का? मी हे आरोप म्हणून विचारत नाही. बहुतेक रुग्णांना कळलेले असते. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिले आहे ते वाचता येते, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस का गेले ते दिसते. मुले घाबरू नयेत म्हणून तेही न कळल्याचे सोंग करतात, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांपासून लपवत एकटी पडतात.

दुसरी गोष्ट भाषेची. नागपुरात गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. कोणी गोंडी बोलतो, कोणी हिंदी, कोणी झाडीबोली, आणि कागद मात्र इंग्रजी असतो. अंगठा घ्यायचा असेल, तर मजकूर रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवावा आणि वाचून दाखवणाऱ्यानेही साक्षीदार म्हणून सही करावी. पेन्सिलच्या फुल्या मारलेला कागद घेऊन जायला आम्हालाच पाठवतात, आणि वेळ इतका कमी असतो की मीही कधीकाळी ‘इथे सही करा’ एवढेच म्हटले आहे. समजावून सांगणे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे, ते सिस्टरवर किंवा काउंटरवरच्या मुलीवर ढकलू नये. मनीषनगरकर, आपल्या आईंनी चष्मा लावला होता, हे वाचून मला भरून आले. त्यांना कागद द्या.

मनीषनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

शनिवारी मी भावाला पुण्याहून बोलावून घेतले आणि डॉक्टरसाहेबांचे दोन मार्गांबद्दलचे लिखाण त्याला वाचायला दिले. कायद्याच्या मुद्द्यांनी तो बधला नाही. पण आई बँडेज पाहून समजेल, या वाक्यावर तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला की आपण दोघेही तिच्याजवळ बसू. रुग्णालयाला पत्र दिले. सर्जननी सोमवारी संध्याकाळी पाऊण तास दिला आणि दार लावून घेतले. त्यांनी आईला तोच प्रश्न विचारला, की तुम्हाला काय वाटते. आई म्हणाली, ‘कॅन्सर. बायोप्सी साध्या गाठीची करत नाहीत, एवढं मला कळते.’ भावाने खाली पाहिले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिने वहीत लिहून आणलेले प्रश्न काढले. ते सहा होते. रेडिएशन सकाळी मिळेल की दुपारी, हाही त्यांत होता. किती वर्षे हातात आहेत, हे सांगू का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा ‘ते आता नको, मी विचारीन तेव्हा सांगा’ असे ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी तसे फाइलमध्ये लिहिले. तिने पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडला. मला वाटले होते ती दुसरा निवडेल. मृगाच्या बहराला आपण बागेत असायला हवे, पाच आठवडे नागपुरात बसायचे नाही, असे कारण तिने दिले. तरीही रेडिएशन लागू शकते, हे डॉक्टरांनी पुन्हा सांगितले आणि तेही तिने वहीत उतरवले.

मराठी संमतीपत्र तिने दोनदा वाचले. त्यात भूल कोणती देणार, हे लिहायचे राहिले होते, ते तिने बोट ठेवून दाखवले आणि भरून घेतल्यावरच सही केली. माझी सही असलेल्या जुन्या कागदावर रद्द अशी तिरपी रेघ मारून तो फाइलमध्येच ठेवला आहे. शस्त्रक्रिया आता पुढच्या मंगळवारी आहे.

वकीलसाहेब, एक विचारायचे राहिले. पुढे कधी आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो तर निर्णय कोणी घ्यावा, हे आधीच लिहून ठेवता येते का, असे आई विचारत आहे.

सिव्हिललाइन्स_वकील

होय. बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः निर्णय घेता येत नसेल, अशा वेळेसाठी ते लिहून ठेवता येते. कॉमन कॉज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतला की चालतो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्यात एकाहून अधिक जवळच्या व्यक्तींची नावे देता येतात. आईंना घाई करू नका, मंगळवार होऊ द्या. त्यानंतर त्या म्हणतील तेव्हा मसुदा मराठीतच करू, आणि नावे कोणाची घालायची हे त्या आपण दोघे भाऊ खोलीबाहेर असताना सांगतील, असे पाहू.